डोळे मिटून काय मागायचं?

काठी, गुरुवार

ती. आईस,
डोंगरावरून मोठ्याने जयभीम!

मी मजेत आहे. खोकला गेला. खचलेला रस्ताही दुरुस्त झालाय, म्हणजे बराचसा. बाबा गुडघ्याला तेल लावू देतात का?

आई, ऐक ना, काल काय झालं! शाळा भरायच्या आधी मी ओट्यावर ध्यानाला बसते, तुला माहीतच आहे. पोरांना मी कधी बसा म्हटलं नाही. त्यांचे देव त्यांच्यापाशी, आपला धम्म आपल्यापाशी. पण काल डोळे उघडले, तर अख्खा तिसरीचा वर्ग माझ्यासमोर मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसलेला! एकाच्या नाकावर माशी, तरी हलेना. मला हसू आवरेना.

मग सेवंतीने विचारलं, "बाई, तू डोळे मिटून काय मागते?" इथे सगळ्यांना तूच म्हणतात. मला आवडतं.

मी म्हटलं, "काही मागत नाही. श्वास येतो-जातो, तो नुसता बघते."

तिला माझी दयाच आली. म्हणाली, "आम्ही मागितलं ना! याहामोगी मातेला सांगितलं, आमच्या बाईची बदली नको करू."

तू दर फोनला विचारतेस, बदलीचा अर्ज भरलास का? काल संध्याकाळी मुदत संपली, आई. मी भरला नाही. आपण देव मानत नाही, खरंय. पण पोरांच्या देवीला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

रागावलीस तरी लोणचं पाठव. सेवंतीलाही द्यायचंय.

तुझी,
उत्पला