त्राफेगो आणि त्राफिको

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस.

मावशीकडच्या जेवणात तू पुन्हा तोच किस्सा सांगितलास म्हणे. दाजींना कसं पकडलं, दाजींनी काय मुक्ताफळं उधळली, आणि सगळे पोट धरधरून हसले. आता तो माझ्याकडून ऐक.

हे चालवायचे त्या मालवाहू गाडीत दुसऱ्याच कुणीतरी सिगारेटची खोकी दडवली होती. बंदराच्या फाटकावर यांना धरलं तेव्हा तुला फोन मीच केला. सरकारी दुभाषा दुपारी येईल, थांबा, असं अधिकारी म्हणतोय, हे तूच मला सांगितलंस. वर म्हणालास, "कशाला हवा दुभाषा? मी आहे ना!" घरात पोर्तुगीज येणारा तू एकटा, तुला कोण अडवणार? अधिकाऱ्यानं कामधंदा विचारला. हे म्हणाले, "सगळी उमर ट्रॅफिकमध्ये गेली, साहेब." रस्त्यावरच्या वाहतुकीला तिथे त्राफेगो म्हणतात. तू ठोकून दिलंस, त्राफिको. म्हणजे चोरटा व्यापार. कानाला ट्रॅफिकसारखं लागलं ना, झालं!

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "त्राफिको?" त्यानं परत विचारलं. मला तेव्हा त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा कळत होता. मी तुझी बाही ओढली, "अरे, काय विचारतोय ते यांना तरी सांग." तू हात झटकलास. "ताई, तू मधे बोलू नकोस." आणि यांच्या वतीनं खुशाल मान डोलावलीस.

अख्खा हिवाळा हे कोठडीत होते. कोर्टातल्या दुभाषी बाईंनी जबाब वाचून यांनाच सरळ विचारलं, तेव्हा कुठे गाठ सुटली. पण जप्त झालेली गाडी गेली ती गेलीच. आता गोदामात ओझी उचलतात, कंबर धरून घरी येतात. तरी म्हणतात, "पोर आहे, जाऊ दे." त्यांनी जाऊ दिलं, मी नाही. शब्द चुकल्याचा राग नाही रे. बेकरीत मी आपल्यासारखं 'पाव' म्हटलं आणि त्यांना त्यांच्या भाषेतला दांडका ऐकू आला. सगळं दुकान खिदळलं. मीही हसले, विचारलं, आणि पाव नाकातून म्हणायला शिकले. तुला मात्र साधं विचारायची लाज वाटली, आणि आता त्यावर हशे मिळवतोस!

हे आजच लिहायचं कारण वेगळं आहे. गुरुवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी डॉक्टर तिला सगळं समजावणार, तिची औषधं, तिचे त्रास विचारणार. आई सगळ्यांना सांगत सुटलीय, "धाकटा बोलेल, त्याची भाषा कशी फाडफाड." तू बोलणार नाहीस. हॉस्पिटलची दुभाषी बोलेल, शेजारी मी असेन. पण ती रोज तुझी वाट बघते, म्हणून ये. उशाशी बस, तिचा हात धर, तिच्याशी आपल्या भाषेत हवं तेवढं बोल. डॉक्टर आत आले की मात्र तोंडाला कुलूप.

इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई