माझा मेंदू डॉ. रत्तिया यांना

मी, इनपन खामसाई, वय सदुसष्ट, चांदीवर नक्षी ठोकणारा, राहणार चियांग माय, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. बाविसाव्या वर्षापासून तेहतिसाव्यापर्यंत मी गर्द ओढत होतो. त्या काळातली माझी कोणतीही सही खरी धरू नये.

१. घर आणि अंगणातलं लोंगनचं झाड पत्नी बुआफान हिचं. गर्द सुटल्यावर चौदा महिने मला कशाचीच चव लागत नव्हती. ती रोज भात पुढ्यात ठेवून म्हणायची, "लागत नसू दे. चावा." पंधराव्या महिन्यात या झाडाचं फळ गोड लागलं. मी तिथेच बसून रडलो. झाड तोडू नये.

२. माझा मेंदू डॉ. रत्तिया यांच्या प्रयोगशाळेला द्यावा. त्यांनीच मला समजावलं, "काका, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात. गर्दमुळे सुखाचा इतका गलका होतो की त्या कान झाकून घेतात. मग साधं सुख ऐकूच येत नाही. गर्दची आठवण देणारे पेशींमधले सांधे मात्र पक्के होत जातात." म्हणूनच चौतीस वर्षांनंतरही, गर्द ज्यावर जाळून ओढायचो तसा काजळलेला चंदेरी कागद दिसला की माझा हात शिवशिवतो.

मी विचारलं, "म्हणजे मी नालायक नव्हतो?"

"ते सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, काका. सांधे पुन्हा बदलू शकतात, एवढं दिसतं."

३. आईचं चांदीचं भांडं मी विकलं म्हणून थोरला भाऊ मून याने मला तिच्या अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही. त्याबद्दलचा माझा राग मी कुणाच्या नावे करत नाही, माझ्याबरोबर जाळावा. मेंदू देणार हे कळल्यावर तो इतक्या वर्षांनी घरी आला.

"पुढच्या जन्मी बिनडोक्याचा जन्मशील."

"या जन्मी तरी कुठे होतं, दादा?"

तो हसला. जेवूनही गेला.

४. वडिलांच्या हातोड्या मी दादाच्या नावे लिहिल्या होत्या आणि साक्षीदार म्हणूनही त्यालाच बोलावलं होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, काय ते एकच ठरवा. दादा म्हणाला, "हातोड्या व्यसनमुक्ती केंद्रात याच्याकडे शिकणाऱ्या पोरांना द्या. याचं डोकं ठिकाणावर आहे, हे मला माझ्या हाताने लिहायचंय."

चियांग माय, १४ फेब्रुवारी, बौद्ध संवत २५६७.

(सही) इनपन खामसाई

साक्षीदार:
थोंगदी पन्याकेओ, शेजारी
मून खामसाई, थोरला भाऊ. याचं डोकं ठिकाणावर आहे.