बिनवासाचं तेल

ती. ताईस,

रागात आहे, तरी नमस्कार साष्टांगच. त्यात काटकसर केली तर तू हे पत्र भावोजींपासून तुझ्या विहिणीपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवशील. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि बाकी सगळ्यांची डोकी फिरली आहेत. त्याला कारण तू.

रक्ताचा रिपोर्ट तुला वाचून दाखवला ही माझी पहिली चूक. चरबीचा आकडा जरासा वर होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, की फिरायला जा आणि हवं तर माशाचं तेल घेऊन बघा. त्यातलं ‘हवं तर’ तू गिळलंस आणि रोज सकाळी फोन करून माझा जीव खाल्लास. बरं, गोळ्या तरी घेऊ द्यायच्यास. पण नाही, पातळ तेलच घे, चमच्याने घे, म्हणजे पोटात काय जातंय ते कळतं, आणि चांगल्या तेलाला वास नसतो हे ध्यानात ठेव. अगं, ज्या माणसाने एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत रोज दोनशे पेले हुंगून, भुरकून, थुंकून संसार केला (थुंकण्याचा पगार घेणारा आपल्या घराण्यात मी एकटाच), त्याला वासाचे धडे तू द्यायचेस? तेही आत्ता, जेव्हा येत्या सोमवारी खुद्द मालक माझ्यापुढे दहा पेले मांडणार आहेत, आणि त्यातला बिघडलेला चहा मी ओळखला तरच मला आणखी दोन वर्षं ठेवणार आहेत?

तरी तुझा मान राखून औषधवाल्याकडे गेलो. त्याने चार बाटल्या पुढे केल्या. छापील मजकुरावर विश्वास ठेवणं हे आमच्या धंद्यात पाप, म्हणून मी झाकणं उघडून हुंगायला मागितली. तो नाही म्हणाला. मग माझी नजर काचेच्या कपाटातल्या, नमुन्यासाठी उघडून ठेवलेल्या बाटलीवर गेली. हुंगली. काही म्हणजे काही वास नाही. हीच द्या म्हटलं, तर तो म्हणे, साहेब, ती नुसती दाखवायची आहे, कित्येक महिने उन्हात बसली आहे. मी काय काल जन्मलोय? चांगला माल मागे दडवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात गाळ मारायची ही विद्या मला पाठ आहे. पाऊण तास हुज्जत घातली आणि तीच बाटली घेऊन आलो. शेवटी त्याने हात जोडले होते (तेव्हा मला वाटलं, आदराने).

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर एक चमचा सुरू केला आणि घराने माझ्याविरुद्ध कट केला. तुझ्या वहिनीने माझं ताट गॅलरीत मांडलं. सूनबाई मी खोलीत शिरलो की खिडक्या उघडते, आणि मी काही विचारलं की मान हलवून उत्तर देते, तोंड उघडत नाही. शेजारच्यांचं मांजर, ज्याने आजवर मला हिंग लावून विचारलं नव्हतं, ते माझ्या मागे जिन्यापर्यंत येतं. कंपनीत तर कहर. माझ्याच हाताखाली शिकलेली दुसरी चाखणारी बाई आपले पेले उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि म्हणे, साहेब, आज सगळ्याच चहाला मासळीचा वास मारतोय. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती रडली. मला वाईट वाटलं नाही, असं मी तिथे दाखवलं.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. बाटली घेतली आणि तडक औषधवाल्याकडे गेलो, की या तेलाला वास नाही असं मला सही करून लिहून दे, म्हणजे घरी भिंतीवर लावतो. त्याने झाकण काढलं, लगेच बंद केलं आणि रुमाल नाकाला लावला. माझ्यामागची रांग मोडून रस्त्यावर गेली. मी चिडून तिथेच एक चमचा पिऊन दाखवला. एक बाई चक्क ‘अरे देवा’ म्हणाली. ताई, एवढी सगळी माणसं एकाच दिवशी खोटं बोलू शकतात, हे मला तुझ्या तेलामुळे कळलं. यापुढे फुकटचे सल्ले तुझ्या घरात ठेव, तिथे गिऱ्हाईक आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
(आणि घरात एकटाच शुद्धीवर असलेला) भाऊ

ता. क. तूच हुंगून खरं काय ते कळव म्हणून बाटली पार्सलने पाठवत होतो. पोस्टातल्या कारकुनाने ती खिडकीतून परत ढकलली. तोही सामील आहे.

ता. क. दुसरा. सूनबाईने नवीन बाटली आणून फ्रिजमध्ये ठेवली आहे. जुनी आणि नवी शेजारी ठेवून मी दोन्ही चारदा हुंगल्या. दोन्ही सारख्याच.

ता. क. तिसरा. हा वहिनीला सांगू नकोस. काल दूध उतू जाऊन करपलं. घरभर धूर झाला, सगळी धावत आली. मी त्याच खोलीत पाठमोरा बसून पेपर वाचत होतो. मधे तो ताप आला होता ना, तेव्हापासून असं आहे. दोन महिने पेले नुसत्या रंगावर आणि सवयीवर पुढे ढकलतोय. त्या बाईला सगळ्यांसमोर रडवलं, आणि खरं तीच बोलत होती. शनिवारी ये. माझे डोळे बांधून दहा पेले मांड. वहिनी गोड बोलेल, तू बोलणार नाहीस. सोमवारी त्या टेबलाशी बसू, की आधीच मालकांना जाऊन सांगू, हे मला एकट्याला ठरवता येत नाहीये. आल्यावर हवं तेवढं रागव, पण आधी दार लावून घे.