बिनदाराचं बाथरूम

४ मार्च
नेलं! मेल्यानं बाथरूमचं दार बिजागऱ्यांसकट उखडून नेलं! मी बाजारात, घरात एकट्या सासूबाई. ‘उरलेले पैसे द्या, दार घ्या,’ असं त्यांना बजावून गेला ठेकेदार. कसले पैसे? त्यानं नव्यानं बसवलेल्या फरशीचा उतार उलटा, अंघोळीचं पाणी हॉलमध्ये येतंय. छदामही देणार नाही.

५ मार्च
भावाला फोन केला. म्हणाला, ‘ठेकेदारीचा परवाना आहे का त्याच्याकडे?’ नाही! ‘मग तो कोर्टात काय तोंड घेऊन जाणार? तू चोरीची तक्रार ठोक.’ ठोकली. बस म्हणावं आता बोंबलत!

८ मार्च
संडास-बाथरूम एकच, दाराच्या जागी जुनी चादर टांगलीय. हे म्हणतात, ‘पैसे देऊन टाकू गं. आईला अवघडल्यासारखं होतं.’
होऊ दे की! मी लग्न होऊन आले तेव्हा अंघोळीला जरा वेळ लागला तर सासूबाई दारावर थापा मारायच्या. पाहुण्यांसमोर! कळू दे आता.

१३ मार्च
सासूबाईंनी पाणी पिणंच सोडलंय. हॉलमध्ये कुणी बसलं असलं की जागच्या उठत नाहीत. चहा विचारला तरी ‘नको गं.’ नाटकं नुसती!

१४ मार्च
पोलिसांकडून काही नाही.

१७ मार्च
ठेकेदार आला होता — दार घेऊन! ‘आजींचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, ताई. पैशाचं मागाहून बघू, आधी दार बसवतो.’
वा रे शहाणा! दार परत घेतलं तर चोरीची तक्रार कसली उरते? आल्या पावली परत पाठवला. ह्यांना सांगितलं नाही.
वळले तर सासूबाई चादर धरून उभ्या. सगळं ऐकलं असणार. ऐकेनात का.

२१ मार्च
सासूबाई दवाखान्यात. लघवीत जंतू, अंगात फणफणून ताप, शुद्ध नाही. डॉक्टर ह्यांच्यावरच ओरडले — ‘घरात पाणी देत नाही का त्यांना?’ मला भीती वाटतेय. त्यांच्या तापाची नाही, त्या शुद्धीवर येऊन काय बोलतील त्याची.

२४ मार्च
बोलल्या.
हे आले. आधी आईचे कपडे भरले, मग स्वतःचे. दोघं नणंदेकडे राहणार. पाय धरायचे बाकी ठेवले मी! म्हटलं, ‘सगळे पैसे देते, आजच दार बसवून घेते!’
‘बसव की,’ म्हणाले. ‘तुला एकटीलाच लागणार आहे आता.’