इर्माबाईंचं सूप

प्रिय बाबा,

आधी गुडघ्याचं सांगा. शेक घेता ना?

मी ठणठणीत आहे. बेल्जियमभर नुसता चिखल! सायकल चालवते कमी, खांद्यावर वाहते जास्त. नाताळच्या आठवड्यात पाच शर्यती, चार झाल्या.

टीव्हीवर शेवटी दिसले नाही म्हणून घाबरू नका. फार मागे पडलेल्यांना पंच मधेच बाहेर काढतात. चारही वेळा काढलं. संघाचे व्यवस्थापक हल्ली माझ्याशी फारच गोड बोलतात.

घरमालकीण इर्माबाई मायाळू आहेत. मी शर्यत संपवून पाचला येईन, या बेताने त्या सूप चढवायच्या. काल पुन्हा चारलाच पोचले, तरी वाफाळता वाडगा समोर!

"आज सूप एवढ्या लवकर कसं?" मी विचारलं.

"अगं, आता तू लवकरच येतेस ना."

आईला सांगा, मला जेवण गरम मिळतं.

तुमची लेक,
ब्लांका