गंज एकाकडे, झाकणं दुसऱ्याकडे

मी, वेलायुधन कुंजुकुट्टन नायर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, जन्म त्रिशूरचा, राहणार बडनेरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मराठीत लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर अनुप यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. तपासताना त्यांनी मला आजचा वार विचारला आणि मी सांगितल्यावर स्वतः मोबाइलमध्ये बघून खात्री केली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा स्वयंपाक करणाऱ्या जयवंताबाईंनी "मराच्या गोष्टी बंद करा, नाहीतर भाकर भेटनार नाही" अशी धमकी दिली होती, ती मी मनावर घेतलेली नाही.

माझे नाव मोहल्ल्यात कोणालाच जमले नाही. वेलायुधनचे वेलू झाले आणि वऱ्हाडाने वेलूचे येलूभाऊ केले. म्हणून या कागदात जिथे जिथे येलूभाऊ येईल, तो मीच समजावा. उगाच वारसाहक्काची नवी भानगड नको.

कलम १. घर. राहते घर जयवंताबाईंना द्यावे. अट एकच. पुढची खोली भांड्यांची आहे आणि भांड्यांचीच राहील. तिथे ब्यूटी पार्लर काढू नये.

कलम २. बँकेतील शिल्लक त्रिशूरचा पुतण्या प्रदीपन याला. पोरगा गुणी आहे, दर ओणमला फोन करतो. पण "काका, तुम्हाला शेवटी आपल्या गावी नेतो" हे त्याचे पालुपद मला मान्य नाही. माझे जे काय करायचे ते बडनेऱ्यातच करावे. अस्थी हव्या असतील तर त्याने आपला डबा आणावा. इथले भांडे बाहेरगावी जात नाही.

कलम ३. अंगणातले नारळाचे झाड. हे मी हौसेने लावले. वऱ्हाडच्या उन्हात ते जगले, उंच वाढले, पण नारळ म्हणून एक धरला नाही. ते तोडू नये. पाणी घालावे आणि कसलीही आशा धरू नये.

कलम ४. भांडी. खरे मृत्युपत्र इथून सुरू होते. वरचा मजकूर वाचायला वेळ नसेल तर निदान एवढे वाचा.

मी नोकरीवर नवा असताना मला मराठी येत नव्हती. ठेच्याने पोट बिघडले म्हणून मी खोलीवर आमची कंजी, म्हणजे तांदळाची पेज, करून राहिलो होतो. इतक्यात शेजारच्या माणिकबाई, आपल्या भाजीवाल्या गोवर्धनची आई, दारात आल्या. "भाऊ, मोठा गंज हाय काय तुमच्यापाशी?" वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात हे मला काय ठाऊक! मी ऐकले कंजी. वाटले, हिला वासावरून कळले, धन्य आहे बाई. मी पेजेसकट गरम भांडे त्यांच्या हातात दिले. माणिकबाई पेजेकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून जे हसल्या, ते हसू सगळ्या गल्लीला ऐकू गेले. पलीकडच्या गल्लीत मोतीरामची आई तापाने पडली होती, पेज तिकडे गेली. माणिकबाईंकडे पाहुणे आले होते, रिकामा गंज तिथे चुलीवर चढला. एवढ्या एका चुकीवर मला दोन घरांत जागा मिळाली.

तेव्हापासून मी भांडी जमवीत गेलो. गंज, कढया, पराती, झारे. बारसे असो, लग्न असो, विहारातले खीरदान असो, मयतीचा स्वयंपाक असो, जो येईल त्याने न्यावे आणि घासून आणून द्यावे. भाडे नाही. टेंट हाउसवाल्या देवरावांनी यावरून माझ्याशी उभा दावा धरला. ते प्लास्टिकची एक खुर्ची माझ्याकडे विसरले आहेत, तिचा एक पाय मोडका आहे, ती त्यांना परत द्यावी. देवरावांनी तिच्यावर बसूनच माझी आठवण काढावी.

आता मुद्दा. गोवर्धन आणि मोतीराम हे दोघे माझ्यासमोर मिसरूड फुटलेली पोरे. चार वर्षांपूर्वी गोवर्धनच्या शुभमचे लग्न आणि मोतीरामच्या धम्मदीपची वास्तू लागोपाठ आली. मोठ्या गंजाचे झाकण मधल्यामध्ये गेले. हा म्हणतो तुमी नेलं, तो म्हणतो तुमीच नेलं. माझ्या मते कुत्र्याने नेले. पण त्या एका झाकणापायी दोघांचा अबोला पडला, दोन्ही गल्ल्यांची तोंडे फिरली आणि माझी भांडी आज धूळ खाऊन राहिली आहेत. लोक देवरावांकडून भाड्याने आणतात! मला मरणाचे काही वाटत नाही. याचे वाटते. झोप येत नाही मला.

म्हणून लिहून ठेवतो की, सर्व गंज, कढया आणि पराती गोवर्धनला द्याव्यात. सर्व झाकणे आणि झारे मोतीरामला. आता शिजवा काय शिजवायचे ते!

कलम ५. माझी शोकसभा घेऊ नये. फ्लेक्स छापणाऱ्या किशोरने माझ्या निवृत्तीच्या फ्लेक्सवर "केरळचा वाघ" असे लिहून खाली भलत्याच माणसाचा फोटो छापला होता. त्या माणसाला श्रद्धांजली वाहायची असल्यास माझी हरकत नाही. माझा मान ठेवायचा असेल तर तेरवीचा स्वयंपाक याच भांड्यांत व्हावा आणि दोन्ही गल्ल्यांनी एका पंगतीत जेवावे. तसे न झाल्यास सगळी भांडी देवरावांना द्यावीत. होय, देवरावांना. वाचून ज्याला लाज वाटेल त्याला वाटू दे.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. वकील संध्याताईंनी कलमे समजावून सांगायला गोवर्धन आणि मोतीराम दोघांनाही आज माझ्या घरी बोलावले. एक खिडकीकडे तोंड करून बसला, दुसरा दाराकडे. देवरावांचे नाव आले तसा गोवर्धन खिडकीला म्हणाला, "तेरवीले रोडगे करू अन् वांग्याची भाजी. गवऱ्यांत भाजलेल्या रोडग्याले झाकन लागत नाही."

मोतीराम दाराला म्हणाला, "तेरवी हाय, पार्टी नाही. भात पायजे."

"भात काहून?"

"भात झाकनाबिगर शिजत नाही म्हनून!"

इथे दोघे वळले आणि समोरासमोर आले. चार वर्षांचे तुंबलेले सगळे बाहेर पडले. झाकण, कुत्रे, वरणात तिखट किती, बुंदी की शिरा. जयवंताबाईंनी तीनदा चहा केला, आवाज काही खाली येईना.

मी हळूच म्हटले, "थोडं सांबार करता येईल काय?"

"तुमी चूप बसा येलूभाऊ," गोवर्धन म्हणाला.

"अरे, तेरवी माझी आहे!"

"मंग?" मोतीराम माझ्यावरच ओरडला. "पाहुन्याले विचारत असतात. घरच्या मानसाले कोनी विचारते काय?"

मला एकदम रडू आले. सही थोडी वाकडी आली आहे ती त्यामुळे. सही माझीच आहे.

ठिकाण : बडनेरा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) वेलायुधन कुंजुकुट्टन नायर, म्हणजे येलूभाऊ

साक्षीदार १ : डॉ. अनुप तायडे. लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. बाकीच्यांचे मी तपासलेले नाही.

साक्षीदार २ : नत्थुजी वानखडे, निवृत्त गार्ड. सही माझ्यासमोर झाली. भांडण चालू आहे, आणि दोघांनी मिळून आत्ताच मोठा गंज घासायला काढला आहे. माणूस जिवंत आहे हे त्यांना कोणीतरी सांगावे.