पेन्सिलीवर मी सही केली नाही

गुरुवार, दिनांक १४ मार्च २०२४ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने माझ्या घराचे दार उघडले, पुढे आलेल्या कागदावर 'घरमालकातर्फे' अशी सही केली, आणि बावीस वर्षे मठ सोडून माझ्यासोबत राहिलेल्या सिस्टरांचा देह, सिस्टरांनी स्वतःच ज्यांना द्यायचा नाही म्हणून सांगितले होते, नेमका त्यांच्याच ताब्यात दिला. त्या सहीमुळे मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. एरवी मला मरायची काही घाई नव्हती.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, पाणीपुरवठा खात्यातली निवृत्त ट्रेसर. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवणे, हे माझे छत्तीस वर्षांचे काम. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दिला, आणि जिभेचा दाखला न मागताच तोंडी दिला. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, इतरांना मात्र 'करा, करा' म्हणून सांगत फिरले.

कलम पहिले: देह. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. अर्ज भरला आहे, नोंदणी क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. माझ्या देहावर कोणीही प्रार्थना म्हणू नये असे लिहिणार होते, पण माझ्याच घरात राहणारे टेलरमास्तर ऐकायचे नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात, स्वतःपुरती, हळू आवाजात म्हणावी. घंटा, झगा, मेणबत्ती, काही नको.

हे कलम एवढे ठासून का, ते लिहिणे भाग आहे.

सिस्टर मला शाळेत भूमिती शिकवत. मी बारा वर्षांची, त्या एकोणतीसच्या. माझ्या आखलेल्या रेषेवर बोट ठेवून म्हणायच्या, 'सरळ आहे, पण घाबरलेली आहे.' चव्वेचाळीस वर्षे मठात काढल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. एका मरणाऱ्या बाईने त्यांना विचारले होते, 'सिस्टर, नक्की ना, पुढे कोणीतरी आहे?' त्यांनी हो म्हटले. त्यानंतर त्यांना ते 'हो' गिळवेना. मला म्हणाल्या, 'पोरी, मला एक खोली हवी आणि चुकायची परवानगी.' दोन्ही माझ्याकडे होत्या.

दोन वर्षांनी तिसऱ्या खोलीत टेलरमास्तर आले. बायकोपासून वेगळे झालेले, पक्के श्रद्धाळू, आणि धर्म आम्हा दोघींपेक्षा वेगळा. दोन बायका आणि एक शिंपी एका घरात, यावर गल्लीने चघळून चघळून चोथा केला. मला कोणी विचारले की हे तुमचे कोण, तर मी सांगायचे, कोणी नाहीत, म्हणून तर पटते.

रविवारी दहा वाजता सगळी गल्ली प्रार्थनेला गेली की आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसायचो. एकाने एक प्रश्न विचारायचा. उत्तर आठवडाभर द्यायचे नाही, असा सिस्टरांचा नियम. एकदा मास्तरांनी विचारले, देव नसेल तर मी रोज पहाटे कोणाशी बोलतो? सिस्टर आठवडाभर खुशीत होत्या. मी विचारले होते, इंजेक्शनची सुई दिसली की माझ्या ओठांवर अजून शाळेतली प्रार्थना का येते? पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, 'मलाही येते. उत्तर सापडलं तर सांग.'

पाच मार्चला त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. देह महाविद्यालयाला, मठाचा झगा चढवायचा नाही, मठाला आणि भाच्याला नंतर कळवावे. शेवटी लिहिले होते, 'चाळीस वर्षं शिकवलं, आता पडून शिकवीन.' साक्षीदार म्हणून माझी आणि डॉक्टरीणबाईंची सही हवी होती. कागद पेन्सिलीने लिहिलेला.

आमच्या खात्यात पेन्सिलीच्या नकाशावर कोणी सही करायचे नाही. पेन्सिल म्हणजे विचार चालू आहे, शाई म्हणजे आता खणा. पेन्सिलीवर सही झालेल्या एका नकाशापायी आमच्या लोकांनी भलताच रस्ता उकरला होता. मी म्हटले, सिस्टर, मी शाईने उतरवून आणते, मग तुम्ही करा सही आणि मग आम्ही. त्या हसल्या. 'ज्याला खोडता येत नाही ते मी आता लिहीत नाही पोरी. बाविसाव्या वर्षी एकदा शाईने लिहून दिलं होतं, निस्तरायला चव्वेचाळीस वर्षं लागली.' तरी कागद माझ्या हवाली केला.

नऊ दिवस तो माझ्या खणात राहिला. चौदा तारखेला पहाटे पावणेसातला सिस्टर खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या.

मी भावाला फोन करून बोलावले. मास्तर मृत्यूच्या नोंदणीसाठी गेले. महाविद्यालयाचा फोन कोणी उचलेना, म्हणून मी स्वतः अर्ज आणायला गेले. निघताना पेन्सिलीचा कागद टेबलावर ठेवला आणि भावाला बजावले, कोणीही आले तरी मी येईपर्यंत थांबव. अकरा वाजून दहा मिनिटांनी परत आले तेव्हा खाट रिकामी होती. चादरीची नीट चौपदरी घडी घातलेली होती. भाऊ कप विसळत होता.

म्हणाला, 'ताई, गल्लीतून कळलं म्हणून मठाची माणसं आली, बरोबर त्यांचा भाचा. तो रडत होता गं. रक्ताचं माणूस आहे शेवटी. तू त्यांची कोण?' मी टेबलाकडे बोट दाखवले. म्हणाला, 'वाचला की. त्यावर सही कुठंय कुणाची?'

दुपारी चारला मठाच्या दफनभूमीत दफन झाले. बावीस वर्षांपूर्वी उतरवलेला झगा त्यांच्या अंगावर होता, असे मास्तर आत जाऊन बघून आले. मी फाटकाबाहेर उभी होते. आतली प्रार्थना ऐकू येत होती आणि माझे ओठ तिचा शब्द न् शब्द म्हणत होते. मला न विचारता.

चौथ्या दिवशी मी मठात भांडायला गेले. तिथल्या मुख्य बाई मला बसवून घेऊन शांतपणे बोलल्या, त्यामुळे भांडण पेटेना. त्यांचे म्हणणे असे की सिस्टरांनी मठ सोडला, मठाने सिस्टरांना सोडले नव्हते. मी तो कागद पुढे केला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, 'हे आम्हाला कोणी दाखवलं नाही. आणि खरं सांगते, यावर तुमची नुसती सही असती ना, तर मी हात लावू दिला नसता.'

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. दौत भरलेली होती, पेन धुतलेले होते, दोन परिच्छेदांचे काम, अर्ध्या तासाचे. नऊ दिवस का लागले? नियम होता हे खरे. पण नियमाआड माझ्यातली कोणी बारा वर्षांची मुलगी बसली होती का, जिला सिस्टरांनी प्रार्थनेविना जाऊ नये असे वाटत होते? मला माहीत नाही. सिस्टरांशी बोलता बोलता मी विश्वास सोडला, पण त्याने मला सोडले की नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भावाचा अपराध मी माफ करत नाही. पण त्यात माझा वाटा किती, हे लपवले तर हा दस्तऐवज खोटा ठरेल.

कलम दुसरे: घर. घरात हयातभर राहण्याचा हक्क टेलरमास्तरांचा. रिकाम्या खोल्यांत कोणाला घ्यायचे ते त्यांनी ठरवावे. अटी दोन: येणाऱ्याला त्याचा धर्म विचारायचा नाही, आणि त्याने सांगितलाच तर ऐकून घ्यायचा. मास्तरांच्या पश्चात घर त्या वेळी सर्वात जुन्या रहिवाशाकडे जावे. वकिलाने यावर कपाळाला हात लावला. तो त्याचा हात, त्याचे कपाळ. त्याने फक्त कायद्यात बसवून द्यावे.

कलम तिसरे: अवजारे. माझे ड्रॉइंग बोर्ड, दोन कंपास आणि गुण्ये मठाच्या शाळेला, भूमितीच्या वर्गासाठी. हो, मठाच्याच. मुख्य बाईंनी मला बसायला खुर्ची दिली होती. शाईची पेने मात्र देऊ नयेत, मुलींना आधी खोडायला शिकू द्यावे.

कलम चौथे: किरकोळ. माझे कपडे मास्तरांनी उसवून त्यांचे काय हवे ते शिवावे. त्यांना वीस वर्षे माझ्या ब्लाउजांची फिटिंग सुधारायची होती. बँकेत असेल ते घराच्या डागडुजीला.

कलम पाचवे: भाऊ. माझ्या धाकट्या भावाला मालमत्तेतले काही नाही. त्याला काही कमी नाही आणि तो लोभी नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्याने जे केले ते पैशासाठी केले नाही, कोणी रडले की त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून केले. उद्या माझ्या खाटेशी कोणी नातेवाईक रडेल आणि तो पुन्हा सही करेल, ही माझी भीती आहे. कायद्याने माझा जवळचा नातेवाईक तोच, महाविद्यालय त्यालाच विचारणार. त्याने नकार दिला तर वरची सगळी कलमे असून माझे पहिले कलम वाऱ्यावर.

अंमलबजावणी टेलरमास्तरांनी करावी. त्यांना घर मिळत असल्याने ते साक्षीदार नाहीत.

साक्षीदार पहिल्या: कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही).
साक्षीदार दुसरे: आमचे कुलूप बदलून देणारे कुलूपवाले (सही).
लिहून देणार: निवृत्त ट्रेसर (सही, शाईने).
स्थळ: राहत्या घरातले जेवणाचे टेबल. दिनांक: मंगळवार, २ एप्रिल २०२४.

प्रत धाकट्या भावास, हातोहात, पुढील मागणीसह:

माझ्या देहाबाबत तू कोणाच्याही कागदावर सही करणार नाहीस आणि महाविद्यालयाला हरकत घेणार नाहीस, असे मला लिहून दे. तुझ्या श्रद्धेत ते बसत नसेल तर तेही लिही, स्पष्ट लिही. मी रागावेन, पण निदान जिवंत असताना रागावेन आणि दुसरी व्यवस्था करेन. गप्प बसलास तर मी नकार समजेन. फोन करू नकोस. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते, आणि मग आपल्या दोघांचेही काही ठरत नाही. उत्तर लेखी हवे, मंगळवार, ३० एप्रिल २०२४, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या हातात.